कूलर बंद कर, बुढा गुणगुणून राहिला

अमरावतीच्या राजापेठेत कोणालाही विचारा, नत्थुजी माइकवाले कुठं राहतात. ज्याला सांगता येणार नाही तो माणूस कालपरवाच बिऱ्हाड घेऊन आलाय असं खुशाल समजा. या भागात असं एक बारसं झालं नाही, अशी एक वरात निघाली नाही, की जिथं निंबाच्या फांदीला नत्थुजींचा भोंगा बांधला नव्हता. बाप भाजीबाजारात घसा फोडून मेथी-सांभाराच्या जुड्या विकायचा. पोरगा म्हणाला, एवढं ओरडायचं तर यंत्रच घेऊन टाकू ना बाप्पा! आणि त्यानं एक मशीन, दोन भोंगे आणि सायकल यांच्यावर धंदा उभा केला.

आवाजाच्या बाबतीत नत्थुजी म्हणतील ती पूर्व दिशा. गाणारा कुठं घसरला, तबला कधी उतरला, मंडपाच्या कोणत्या कोपऱ्यात आवाज घुमतोय, हे त्यांना बसल्या जागी कळायचं. आणि आवाज बिघडला तर शोध कसा घ्यायचा याचा त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी वायर, मग पिन, मग माइक, मग मशीन, मग भोंगा. बिघाड यांच्यापैकी कुठं ना कुठं सापडतोच, यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा. आजवर त्या श्रद्धेला कधी तडा गेला नव्हता.

आता या माइकवाल्याच्या आयुष्यात पियानो कुठून आला, ते सांगतो. अकोल्याचे केशवराव सर, कॉलेजात शिकवायचे, एकदा अमरावतीला व्याख्यानाला आले. त्या दिवशी माइक अशा किंकाळ्या फोडायला लागला की लोकांनी कानात बोटं घातली. व्याख्यान संपल्यावर सर रागावतील म्हणून नत्थुजी वायर गुंडाळत खाली मान घालून उभे. सरांनी पिशवीतून एक कॅसेट काढली. म्हणाले, "नत्थुजी, ‘हॅलो हॅलो, चेक चेक’ करण्यापेक्षा ही लावत जा. या माणसाची बोटं खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत एका दमात जातात. तुमच्या भोंग्यात जे काही कमी असेल ते लगेच कळेल."

कॅसेट होती कोण्या थंड देशातल्या मोठ्या पियानोवाल्याची. त्याचं नाव घेताना नत्थुजींची जीभ अशी वळायची की त्यांनी तो नादच सोडला. पियानोबुवा म्हणायचं, झालं. बुवा तेव्हा ऐन भरात होता. पट्ट्यांवरून त्याची बोटं अशी धावायची की ऐकणाऱ्याला धाप लागावी. तेव्हापासून प्रत्येक मंडपात, हळदीच्या आधी, कथेच्या आधी, त्या कॅसेटचा एक तुकडा वाजायचा म्हणजे वाजायचा. लोकांनी त्याला नाव ठेवलं नत्थुजीची टिणटिण. "टिणटिण झाली वं, चाला, आता नवरदेव येते," असं म्हणत बायका लगबगीनं पदर सारखे करायच्या. होता होता तो रिवाजच होऊन बसला. एका लग्नात कॅसेट अडकली तर नवरीच्या आजीनं भर मांडवात हट्ट धरला, "टिणटिण झाल्याबिगर अंतरपाट धरू नोका, अपशकुन होते!" भटजी घड्याळ दाखवून थकले. शेवटी नत्थुजींनी पेन्सिलनं कॅसेट गुंडाळून सरळ केली, बुवा वाजला, तेव्हा कुठं मंगलाष्टकं सुरू झाली. त्या बुवाला बिचाऱ्याला स्वप्नात तरी आलं असेल का, की वऱ्हाडात आपल्याशिवाय लग्न लागत नाही!

असा हा त्या दोघांचा संबंध. पुढं कॅसेटी गेल्या, भोंगे गेले, धंदा पोरानं घेतला. अमोलनं डीजे आणला. भिंतीएवढे डबे, ते वाजले की छातीत धडधड. नत्थुजी काही वर्षं त्याच्यासोबत वरातीत फिरले, डब्यांच्या अगदी पुढ्यात उभं राहून, "थोडा खालचा वाढव, थोडा वरचा वाढव" सांगत. मग गुडघ्यांनी जवाब दिला आणि ते घरी बसले.

घरी बसले आणि सगळं गाव तोंडातल्या तोंडात बोलायला लागलं. हा नत्थुजींचा मोठा संताप होता. दुकानदार पुटपुटायचा, रिक्षावाला पुटपुटायचा, टीव्हीवरचे बातम्या देणारे पगार घेऊन पुटपुटायचे. एकट्या बायकोचा आवाज तेवढा चढला होता. वच्छलाबाई जन्मभर हळू बोलणारी बाई, पण अलीकडं चहा घ्या म्हणायचं तरी भांडल्यासारखं म्हणायची. "म्हातारपनी बायका कडक होतात," असं नत्थुजी पारावर सांगायचे. पारावरचे माना डोलवायचे.

तर अशात एक दिवस अकोल्याहून केशवराव सरांचा फोन आला. सर आता निवृत्त, एकटेच, दिवसभर पोथी वाचावी तशा मन लावून जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकतात. म्हणाले, "नत्थुजी, आपला बुवा गेला. पण शेवटची काही वर्षं त्यानं घरीच बसून वाजवलं, ते सगळं आता मोबाइलवर आलंय. पाठवतोय. आपली टिणटिण विसरून जा. आता तो धावत नाही. एकेक सूर असा ठेवतो, जसं देवापुढं फूल ठेवतात. आणि एक गंमत सांगू? दुसऱ्या तुकड्यात, शेवटाकडं, पियानो अगदी हळू होतो ना, तिथं म्हातारा स्वतःशीच गुणगुणतो. गातो हो! कान देऊन ऐका आणि मला सांगा."

नत्थुजींनी फोन ठेवला. ज्याच्या बोटांवर आपला संसार उभा राहिला, त्याचा गळा आपण कधी ऐकलाच नाही! आता ऐकायचा. दुसरं काही नको. फक्त त्या बुढ्याचं गुणगुणणं एकदा कानी पडू दे, बास.

एवढीशी इच्छा. पण ती पुरी होईल तर ते राजापेठ कसलं?

महिना मेचा. उन्हानं डांबर वितळतंय आणि घराघरात कूलर घरघरतोय. नत्थुजींच्या खिडकीतला कूलर म्हणजे अमोलनं मंडपासाठी आणलेला राक्षस. तो सुरू झाला की भिंतीवरचं कॅलेंडर आडवं होतं. नत्थुजींनी जुना स्पीकर काढला, मोबाइल जोडला, तुकडा लावला. पियानो आला. मग हळू झाला. आणि मग घर्र घर्र घर्र. नत्थुजी उठले आणि कूलर बंद केला.

वच्छलाबाई स्वयंपाकघरातून पदरानं मान पुसत आल्या. "काहून बंद केला?"

"बुढा गाऊन राहिला. ऐकू दे ना जरासं."

"अथी आमी शिजून राहिलो, आन तुमाले बुढ्याचं गानं पायजे!" त्यांनी बटण दाबलं. राक्षस पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी कूलर बंद, तर शेजारच्या ट्यूशनमध्ये पोरं पाढे म्हणायला लागली. तिसऱ्या वेळी ट्यूशन सुटली, पण ज्या क्षणी पियानो हळू झाला, त्याच क्षणी मोबाइलवर जाहिरात आली. कपाशीच्या बियाण्याची! एक धोतरवाला माणूस शेतात नाचून राहिला आणि नत्थुजी इकडं कपाळावर हात मारून राहिले. चौथ्या वेळी मिक्सर. पाचव्या वेळी भंगारवाला, तोही रेकॉर्ड केलेली आरोळी भोंग्यावर लावून. त्याला तर नत्थुजींनी दारात जाऊन झापलं, "आवाज फाटून राहिला तुह्या भोंग्याचा, वायर बदल!" भंगारवाला काहीतरी पुटपुटला. तळपायाची आग मस्तकात गेली, दुसरं काय!

मग सुरू झाला बिघाडाचा शोध. आधी वायर बदलली. मग पिन घासली. मग मशीन खोलून त्याच्यातली धूळ फुंकली. जन्म गेला स्पीकरमधली घूं घूं काढण्यात, आणि आता हाच माणूस एका म्हाताऱ्याच्या घूं घूंसाठी सगळी यंत्रं उघडून बसलेला. अमोल म्हणाला, "बाबा, हेडफोन लावून ऐका ना." त्यावर नत्थुजी असे भडकले! "आवाज हवेत फिरला पायजे. कानात कोंबलेला आवाज म्हंजे आवाज हाय का? तुले धंदा शिकवला का झक मारली?" अमोल उठला. जाता जाता आईशी दारात काहीतरी बोलला, ते काही नत्थुजींना ऐकू आलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र नत्थुजींनी पकडली, आणि त्यांना तिचा फार अभिमान वाटला. बुढा वरचे सूर सोडत होता. जुन्या कॅसेटमध्ये उजवा हात वर वर जायचा, अगदी काचेच्या बांगड्या किणकिणाव्यात असे बारीक सूर यायचे. आता हात वर निघायचा आणि मधेच सगळं गप्प. थोड्या वेळानं हात खाली यायचा, तेव्हा पुन्हा आवाज. "करंगळी गेली बुढ्याची," नत्थुजी वच्छलाबाईंना म्हणाले, आणि त्यांना त्या दूरच्या म्हाताऱ्याचं इतकं वाईट वाटलं की जेवण गोड लागेना. आपले गुडघे गेले, त्याची बोटं गेली.

सरांचा दर चार दिवसांनी फोन. "ऐकलात का?" आणि प्रत्येक वेळी, "नाही जी, कूलर होता." "नाही जी, जाहिरात आली." शेवटी सर म्हणाले, "या इकडं अकोल्याला. माझ्या घरी माशीसुद्धा आवाज करत नाही."

नत्थुजी बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेले. गाडीत बसायला जागा नाही, अकोल्याच्या स्टेशनावर उतरले तर ऊन अंगावर धावून आलं, पण माणूस खूश होता. सरांचं घर खरंच शांत. जाड पडदे, भिंतीत गुपचूप चालणारा एसी. सरांनी सरबत दिलं, तुकडा लावला, दोघं डोळे मिटून बसले. पियानो हळू झाला. सरांनी बोट वर केलं. "आला... हा बघा... आता!" त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की नत्थुजी डोळे उघडून त्यांच्याकडंच बघत राहिले.

"कुठी?" नत्थुजी म्हणाले.

सरांनी पुन्हा लावलं. पुन्हा बोट वर. पुन्हा, "आला!"

"सर, तुमचा स्पीकर फुटला हाय."

"काय?"

"कागद फाटला असंल आतला. पेचकस हाय का घरी?" आणि सर नको नको म्हणत असताना या माणसानं तो महागडा स्पीकर उलटा करून त्याची पाठ खोलली! आत सगळं नवंकोरं. नत्थुजींनी तरी एक वायर ओढून पाहिली. मग परत स्क्रू आवळत म्हणाले, "नाही तरी बुढ्यात आता राम नव्हता, सर. वरचे सूर त्यानं सोडूनच देल्ले. करंगळी चालत नव्हती त्याची."

सर एकदम ताठ झाले. "सोडत नाही, नत्थुजी. तो एकही सूर सोडत नाही."

"सोडते जी. मी सांगून राहिलो ना."

"नत्थुजी, तुमच्या..." एवढं म्हणून सर थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जाऊ द्या. जेवायला बसू."

जेवण झालं. परतीच्या गाडीत नत्थुजी खिडकीशी बसून धुमसत होते. उभ्या आयुष्यात आवाजाच्या गोष्टीत कोणी त्यांना खोटं पाडलं नव्हतं. आणि पाडलं कोणी, तर ज्यानं कॅसेट दिली त्यानंच. मास्तर म्हातारा झाला, त्याला भास होऊन राहिले, असं त्यांनी मूर्तिजापूर येईपर्यंत ठरवून टाकलं. बडनेऱ्याला उतरले तेव्हा मात्र तेही पटेनासं झालं, कारण सरांचा तो चेहरा काही भास झालेल्या माणसाचा नव्हता.

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसेना. जेवणं झाली होती, वच्छलाबाई फरशीवर आडव्या झाल्या होत्या, कूलर घरघरत होता. आणि लाइन गेली.

कूलर खाली खाली येत बंद पडला. पाणी टपटपलं, मग तेही थांबलं. ट्यूशनला सुट्टी, मिक्सर बंद, भंगारवाला उन्हात बाहेर पडायचा नाही. नत्थुजी ताडकन उठले. लाइन गेल्यावर सगळ्या अमरावतीत खूश झालेला तो एकच माणूस असेल. अमोलचा चार्जिंगवरचा छोटा स्पीकर फळीवर होता, तो काढला, जोडला, आवाज पुरता वाढवला आणि मांडी घालून बसले.

"आता पाह्य," ते म्हणाले. "आता कोन आडवं येते ते पाह्यतो!"

वच्छलाबाई उठून बसल्या आणि हातपंख्यानं वारा घ्यायला लागल्या. पियानो सुरू झाला. संथ, एकेक सूर. हात वर निघाला आणि नत्थुजींच्या दृष्टीनं गप्प झाला. त्यांनी मान हलवली, बिचारा. हात खाली आला. मग सगळं हळू होत गेलं. नत्थुजी पुढं झुकले, इतके की नाक स्पीकरला लागायचं बाकी राहिलं. शांतता. आणखी शांतता. काही नाही.

त्यांनी रागानं वर पाहिलं, आणि पाहतात तर वच्छलाबाईंच्या हातातला पंखा थांबलेला. मान एका अंगाला कललेली. ओठ जरासे उघडे. अकोल्याला सरांच्या चेहऱ्यावर जे पसरलं होतं, तेच इथं.

"अवो," त्या म्हणाल्या, "हा तं गाऊन राहिला."

नत्थुजींनी स्पीकरकडं पाहिलं.

"बाई बाई! लेकराले झोपवते तसा. किती हळू!" मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं आणि त्या एकदम मोठ्यानं बोलल्या. "आन तुमी म्हनत होते करंगळी चालत नाही? आत्ताच तं वरतं गेला होता तो! बांगड्यावानी वाजून राहिलं होतं बारीक बारीक!"

नत्थुजींनी तुकडा मागं नेऊन पुन्हा लावला. हात वर निघाला. "आता," वच्छलाबाई म्हणाल्या, "हे पाहा, आता वाजून राहिलं. आता बी. आता बी." आणि नत्थुजींच्या कानात त्या सगळ्या वेळेत फक्त दुपार होती.

कूलर बंद होता. वायर नव्हतीच. पिनही नव्हती. मशीन नवं. अकोल्याचा स्पीकरही नवाकोरा होता, त्यांनी स्वतः खोलून पाहिला होता. सगळा क्रम संपला आणि बिघाड अजून सापडायचाच होता. त्या थंड देशातल्या माणसानं मरेपर्यंत एकही सूर सोडला नव्हता.

"तुले किती दिवसापासून माहीत हाय?" त्यांनी विचारलं.

"लय झाले."

"मंग सांगितलं काहून नाही मले?"

"सांगितलं नाही?" वच्छलाबाई उसळल्या. "दिवाळीले अमोल म्हने कान दाखवाले डाक्टरकडे नेतो, तं तुमी त्याच्या अंगावर धावले! मी बोलली तं चार दिवस अबोला धरला! मंग मी काय करू? लागली मोठ्यानं बोलाले. घसा दुखते माहा संध्याकायपर्यंत. आन तुमी पारावर जाऊन सांगता, बायको कडक झाली!"

नत्थुजींना राग आला. फार आला. अमोलच्या डब्यांचा आला, त्या डब्यांपुढं उभं राहून "वाढव, वाढव" म्हणणाऱ्या स्वतःचा आला, आणि पेचकस हातात धरून सरांसमोर केलेल्या शहाणपणाचा तर इतका आला की तोंड कुठं लपवावं कळेना. पण त्या बाईचा येईना. जन्मभर हळू बोलणारी ती बाई, तिचा घसा आपल्यापायी बसला.

तेवढ्यात लाइन आली. राक्षस घरघरत उठला. वच्छलाबाई लगबगीनं बटणाकडं गेल्या. कधी नव्हे त्या स्वतःहून कूलर बंद करायला उठल्या होत्या.

"राहू दे," नत्थुजी म्हणाले. "राहू दे चालू. गरम होऊन राहिलं तुले."

त्या बटणावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अथी ये. कसा गाते तो, म्हनून दाखव."

"मी? बयाड झाले का तुमी! मले काय गाता येते?"

"जवळ ये. कानापाशी. आन जोरात म्हन."

वच्छलाबाईंनी आधी दार लोटलं, मग पदर तोंडाशी धरला, मग हसल्या, मग बसल्या आणि नवऱ्याच्या कानापाशी तोंड नेऊन म्हणायला लागल्या. शब्द नव्हतेच. नुसतं हूं हूं, वर जाणारं, थोडं थांबणारं, खाली येणारं. कूलरच्या वरताण आवाज काढायचा म्हणून त्या चांगल्या ओरडतच होत्या. भर दुपारी त्या घरातून असला आवाज ऐकून शेजारणीनं खिडकी उघडली म्हणतात. नत्थुजी डोळे मिटून बसले होते.

"पुन्हा," ते म्हणाले. वच्छलाबाईंनी पुन्हा म्हटलं. "वरचा सूर कमी लागून राहिला तुहा."

"मंग तुमीच म्हना!"

फोन वाजला. अकोल्याहून सर. नत्थुजींनी आवाज पुरता वाढवून फोन समोर धरला.

"नत्थुजी, ऐकलात का हो?"

"ऐकला, सर."

"खरंच? कसा वाटला?"

नत्थुजींनी वच्छलाबाईंकडं पाहिलं. "बेसूर हाय थोडा," ते म्हणाले. "पन तुमी बराबर होते. तो काही सोडत नाही."

यावर सर काहीतरी बोलले. हळू बोलले. एरवी नत्थुजी म्हणाले असते, काय तोंडातल्या तोंडात बोलता जी, आणि फोन ठेवून मोकळे झाले असते. आज त्यांनी फोन तसाच वच्छलाबाईंच्या पुढं सरकवला.

"काय म्हनून राहिले सर?" त्यांनी विचारलं. "सांग मले."